भाजीवालीनं सांगितलेल्या गोष्टी

कासेल (जर्मनी) : पहाटेच्या लोकलनं भाजीच्या पाट्या घेऊन मुंबई गाठणाऱ्या बायका वसईकरांच्या रोजच्या पाहण्यातल्या. मध्य जर्मनीतलं कासेल शहर तशीच एक बाई दोनशे वर्षांनंतरही विसरलेलं नाही. डोरोथिया फीमान तिचं नाव. शिंप्याची बायको, शेजारच्या गावातून मळ्यातला माल विकायला शहरात यायची. लहानपण वडिलांच्या खाणावळीत गेलेलं, वाटसरूंच्या गोष्टी तिथंच कानावर पडलेल्या. १८१३पासून तिनं परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंना चाळीसच्या आसपास गोष्टी सांगितल्या.

ग्रिम बंधूंनी तिची सांगण्याची रीत नोंदवून ठेवली आहे. आधी ती ओघात सांगे. विनंती केली की तीच गोष्ट सावकाश, लिहून घेता येईल अशी. पुन्हा सांगताना गोष्ट बदलत नसे. चूक झालीच, तर तिथल्या तिथे सुधारी.

लहान मुलांना हेच हवं असतं.

जर्मन बालवाड्यांत आज तुर्की, अरबी, युक्रेनियन बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. बाईंसमोर कामिशिबाई असते. ही मूळची जपानी लाकडी चौकट, नाटकाच्या पडद्यासारखी दोन दारं असलेली. दारं उघडतात, चित्रांचे पुठ्ठे एकामागून एक सरकतात. लाल टोपीवाली मुलगी आजीच्या वेशातल्या लांडग्याला विचारते : कान एवढे मोठे का? मग डोळे, मग हात, मग तोंड. प्रश्न चार, साचा एकच. दर वेळी फक्त अवयवाचं नाव बदलतं. जर्मनचा गंध नसलेलं मूलही तिसऱ्या प्रश्नाला बाईंच्या सुरात सूर मिळवू शकतं. व्याकरणाचं नाव न घेता वाक्याचा सांगाडा तोंडात बसतो.

गोष्टीची भाषा बोलण्याहून थोडी निराळीही असते. जर्मन माणूस रोजच्या बोलण्यात भूतकाळाची जी रूपं सहसा वापरत नाही, ती मुलाला परीकथेत भेटतात. आपलं ‘आटपाट’ नगर तरी गोष्टीबाहेर कुठं ऐकू येतं?

ग्रिम यांनी बोलीही गाळल्या नाहीत. ससा आणि साळूच्या शर्यतीची गोष्ट त्यांच्या संग्रहात उत्तरेकडच्या प्लाटड्यूच बोलीत छापली आहे. साळू आणि त्याची हुबेहूब दिसणारी बायको शेताच्या दोन टोकांना बसतात. ससा कुठंही पोचला, तरी साळू आधीच हजर! ७४व्या फेरीत ससा कोसळतो. १९९९पासून या बोलीला प्रादेशिक भाषांच्या युरोपीय सनदेचं संरक्षण आहे, आणि हॅम्बुर्गच्या काही प्राथमिक शाळांत ती शिकवलीही जाते.

वसईच्या कादोडी, वाडवळी या बोलींना या अनुभवातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. पालघर जिल्ह्याला ही वाट परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी गाणी, गोष्टी आणि परिसरातल्या वस्तू यांतून बालशिक्षण उभं केलं. आज वसईतलं मूल शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, टीव्हीवरही हिंदी ऐकतं. आजीची बोली त्याच्या कानावर पडायला गोष्टीइतकी सोपी जागा दुसरी नाही.

परदेशातल्या नातवंडांसाठीही तेच. हिवाळ्यात कासेलला दुपारचे चार वाजतात, तेव्हा वसईत रात्रीचे साडेआठ झालेले असतात. मूल बालवाडीतून परतलेलं, आजीचं जेवण उरकलेलं. फोनवर चिमणीनं बाळाला न्हाऊ घालून तीट लावेपर्यंत कावळ्याला दाराबाहेर भिजत ठेवायला एवढा वेळ पुरतो, आणि ते सगळं कादोडीत सांगता येतं.