दगड चढणाऱ्या गाडीचा शाफ्ट

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याजवळ उन्हाळ्यात पंचगंगा ओसरली की काठाचे दगड उघडे पडतात. रिमोटवर चालणाऱ्या १:१० मापाच्या रॉक क्रॉलरचा कस अशाच जागी लागतो.

आधी शॉक. सपाटीवर उभ्या गाडीच्या वजनानेच तो निम्म्याच्या आसपास दबलेला हवा. तरच खळग्यावर चाक खाली सुटून दगड धरतं. स्प्रिंग मऊ, तेल पातळ, वजन खाली आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर. टपावर जड कॅरिअर लावणं मला मुळीच पटत नाही. आडव्या उतारावर गाडी त्यानेच कलंडते.

खरं दुखणं ड्राइव्हशाफ्टचं. युनिव्हर्सल जॉइंट ३० अंशांत वाकला, की एका फेऱ्यातच त्यापुढच्या शाफ्टचा वेग सुमारे १३ टक्क्यांनी घटतो आणि १५ टक्क्यांनी वाढतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत बसवले आणि दोन्हीकडचे कोन सारखे ठेवले, तर हे हिसके एकमेकांना मारतात. योक चुकीच्या दाताला बसला, तर गाडी चढावर थरथरते.

चाक हाताने पूर्ण खाली ओढून पाहा: सरकता शाफ्ट सुटायला नको. मग पूर्ण दाबा: तो आत तळाला टेकला, तर मार गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक लावाच. जॉइंटची झिजलेली पिन शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून घेता येते; कडक पोलादाचीच सांगा.

२०१७ च्या ट्रॅक्सस टीआरएक्स-४ मध्ये पोर्टल अ‍ॅक्सल आहेत. चाकापाशीच गिअर असल्याने शाफ्टवरचा पीळ घटतो आणि चढावर गाडी एका अंगाला कमी झुकते.