क्लच गेलाय की गिअरबॉक्स? जुना ट्रॅक्टर उघडण्याआधी या ७ गोष्टी तपासा

इंजिन दणदणीत आवाज करतंय, पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही. किंवा हलतोय, पण गिअर टाकताना असा करकर आवाज येतोय की शेजारच्या बांधावरचा माणूसही वळून बघतो. अशा वेळी हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "गिअरबॉक्स खोलावा लागेल."

गिअरबॉक्स किंवा क्लच खोलणं हे छोटं काम नाही. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये क्लच हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध असतो. त्याच्यापर्यंत पोहोचायचं तर ट्रॅक्टर मधून दोन भागांत वेगळा करावा लागतो. मजुरी लागते, सुटे भाग शोधावे लागतात आणि ट्रॅक्टर काही दिवस गॅरेजमध्ये अडकतो. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला आणि डावणीची फवारणी तातडीने घ्यायची असेल, तर हे दोन-चार दिवसही महाग पडतात.

बिघाड नेमका कुठे आहे, याचा बराचसा अंदाज मात्र ट्रॅक्टर न उघडता येतो. कसा, ते समजून घेऊया.

जुन्या ट्रॅक्टरचीच चर्चा का?

महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत भागीदारी करून भारतात ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. त्यातूनच बी-२७५ हे मॉडेल आपल्याकडे रुजलं. पुढे मॅसी फर्ग्युसन १०३५, स्वराज, एचएमटी आले. बागेच्या दोन ओळींमधून जाणारा छोटा मित्सुबिशी शक्तीही आला. यातले अनेक ट्रॅक्टर अजून कामावर आहेत आणि हातोहात विकलेही जातात.

या पिढीच्या ट्रॅक्टरमध्ये सेन्सर नाहीत, स्क्रीनवर एरर कोड येत नाही. बिघाड ओळखायचा तो कान, नाक आणि पायाने. सेकंड हँड ट्रॅक्टर घेणाऱ्यालाही याच चाचण्या उपयोगी पडतात.

क्लच करतो तरी काय?

इंजिनच्या मागे फ्लायव्हील नावाचं जड चाक फिरत असतं. त्याला चिकटून क्लच प्लेट असते आणि तिच्यामागे स्प्रिंगच्या जोरावर दाबणारी प्रेशर प्लेट. तुमचा पाय पेडलवर नसतो तेव्हा या तिन्ही गोष्टी एकत्र फिरतात आणि इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, क्लचच्या फिंगर दाबतं, प्लेट सुटी होते आणि ताकद तुटते.

म्हणजे क्लचचे मुख्य आजार दोनच. पकडायला हवं तेव्हा तो नीट पकडत नाही, याला आपण 'स्लिप मारणं' म्हणतो. किंवा सोडायला हवं तेव्हा पूर्ण सोडत नाही. या दुसऱ्या आजाराची लक्षणं गिअरबॉक्समध्ये दिसतात, त्यामुळे दोष भलत्याच भागावर जातो.

१. पेडलचा फ्री प्ले मोजा

इंजिन बंद ठेवा. पेडल हाताने दाबा. सुरुवातीला ते अलगद खाली जातं आणि मग एकदम जड लागतं. हे अलगद जाणारं अंतर म्हणजे फ्री प्ले. अनेक जुन्या ट्रॅक्टरमध्ये तो साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल.

प्लेट झिजत जाते तसा फ्री प्ले कमी होतो. तो शून्यावर आला की बेअरिंग सतत फिंगरवर टेकून राहतं, म्हणजे कुणीतरी पेडलवर कायम पाय ठेवल्यासारखं. मग क्लच स्लिप मारतो. उलट फ्री प्ले फार वाढला, तर पेडल पूर्ण दाबूनही प्लेट सुटत नाही आणि गिअर करकरतो.

दोन्हींवरचा पहिला इलाज एकच आहे. पेडलखालच्या रॉडचा लॉक नट सैल करून अंतर जुळवायचं. पाना आणि थोडा वेळ, एवढ्यात काम होतं. पण आटे संपले आणि तरीही फ्री प्ले मिळत नसेल, तर बहुधा प्लेट संपली आहे.

२. क्लच हाउसिंगखाली तेल ठिबकतंय का?

अनेक ट्रॅक्टरमध्ये क्लच हाउसिंगच्या तळाला एक छोटं भोक असतं आणि त्यात सैल लोंबणारी कॉटर पिन असते. चिखलाने भोक बुजू नये म्हणून ती तिथे ठेवलेली असते. ती हलवून बघा. तेल आलं, तर त्याचा रंग पाहा. काळं तेल असेल तर इंजिनचं मागचं ऑइल सील गेलंय. सोनेरी, घट्टसर तेल असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील.

तेल लागलेली प्लेट स्लिप मारणारच. नुसती नवी प्लेट टाकून सील तसंच ठेवलं, तर काही महिन्यांत तोच खर्च पुन्हा करावा लागेल.

३. स्लिप होतोय का? एकदाच तपासा

मोकळी, सपाट जागा निवडा. समोर-मागे माणूस नको. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं पट्टीने जोडा आणि ब्रेक दाबून धरा. वरचा गिअर टाका, इंजिन मंद ठेवा आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच ठीक असेल तर इंजिन गुदमरून बंद पडेल. इंजिन चालूच राहिलं, तर प्लेट घसरतेय. ही चाचणी पुन्हापुन्हा करू नका. प्लेट तापते आणि उरलीसुरलीही जळते.

४. गिअर करकरतो? आधी हे बघा

पीटीओ बंद करा. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, काही सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. थांबूनही करकर येत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. फ्री प्ले जास्त असेल, प्लेट वाकलेली असेल किंवा गंजामुळे शाफ्टवर सरकत नसेल. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये प्लेट फ्लायव्हीललाच चिकटते.

काही सेकंद थांबल्यावर गिअर गुपचूप पडत असेल, तर काळजीचं कारण नाही. जुन्या स्लायडिंग मेश गिअरबॉक्समध्ये गिअर उभ्या ट्रॅक्टरवरच बदलायचा असतो. चालत्या ट्रॅक्टरमध्ये बदलला तर तो करकरणारच.

५. आवाज कधी येतो, त्यावर निदान

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू.

• पेडलवर पाय नसताना घरघर येते आणि पेडल दाबल्यावर थांबते: गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर संशय.
• पेडल थोडंसं दाबताच आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग.
• पेडल पूर्ण दाबल्यावरच आवाज येतो: फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग.

६. गिअर आपोआप निसटतो का?

ओढ लागली की गिअर सुटून न्यूट्रल होत असेल, तर क्लचला दोष देऊ नका. गिअर जागेवर धरून ठेवणारी गोळी-स्प्रिंग कमजोर झालेली असते, शिफ्टर फोर्क झिजलेला असतो किंवा गिअरचे दात गोल झालेले असतात. स्प्रिंगचं काम बऱ्याचदा वरचं झाकण उघडून होतं. दात झिजले असतील तर मात्र मोठा खर्च आहे.

लिव्हर दोरीने बांधून काम चालवणं हा जुगाड धोकादायक आहे. उतारावर उसाची भरलेली ट्रॉली मागे असताना गिअर निसटला, तर इंजिनचा अटकाव संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. क्लच स्लिप मारत असतानाही हाच धोका असतो.

७. गिअरबॉक्सचं तेल काय सांगतं?

पातळी पाहा, मग थोडं तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. चमचमणारे कण किंवा चुंबकाला चिकटणारे तुकडे दिसले, तर आत काहीतरी तुटतंय. अनेक ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक लिफ्टही याच तेलावर चालते, त्यामुळे मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड सोडून दुसरं तेल भरू नका.

क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे सरकतो, हे काय?

एकच क्लच असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओवर जड फिरणारं अवजार असेल, तर क्लच दाबल्यावरही ते आपल्या वेगाने फिरत राहतं आणि गिअरबॉक्समार्फत चाकांना ढकलतं. इथे क्लच बिघडलेला नसतो. त्यासाठी पीटीओवर ओव्हररनिंग क्लच बसवता येतो. ड्युअल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये हा त्रास होत नाही. अर्धं पेडल दाबलं की चाकं सुटतात आणि पूर्ण दाबलं की पीटीओ.

आणि उघडावाच लागला तर?

प्लेटसोबत रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि दोन्ही ऑइल सील एकाच वेळी बदलून घ्या. पुन्हा ट्रॅक्टर वेगळा करण्याच्या मजुरीपुढे हे भाग स्वस्त आहेत. फ्लायव्हीलवर चरे किंवा जळल्याचे निळे डाग आहेत का, तेही स्वतः बघा.

पुढचा एक्सल मधल्या खिळीवर डोलतो, म्हणून वेगळं करण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचर मारायलाच हवी. नाहीतर इंजिन एका बाजूला कलंडतं. फक्त जॅकवर उभ्या केलेल्या ट्रॅक्टरखाली कुणीही शिरू नये. जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, ओल्या कापडाने पुसा.

क्लच बदलून झाला तरी एक सवय सोडावी लागेल, ती म्हणजे काम करताना पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची. हाफ क्लचवर चालणारा ट्रॅक्टर नवी प्लेटही तितक्याच वेगाने खातो.