पुढील स्टेशन, कादंबरी!

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात ज्या मुम्मुणी राजाचं नाव आहे, त्याच्या दरबारात एक कथालेखक होता, हे ठाऊक आहे? त्याचं नाव सोड्ढल. मूळचा लाट देशाचा, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातचा. ठाण्याच्या शिलाहारांकडे तो आला. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी या तिघा राजबंधूंचा आश्रय त्याला मिळाला, आणि त्याने संस्कृतात 'उदयसुंदरीकथा' रचली. गद्यपद्य मिसळलेली अद्भुत प्रेमकथा. नायिका नागकन्या, नायक प्रतिष्ठानचा म्हणजे आपल्या पैठणचा राजा! कोकणातल्या दरबारात बसून गोदाकाठच्या जुन्या राजधानीवर कथा रचायची ही हौस जवळजवळ हजार वर्षांची आहे. वर पठ्ठ्याने स्वतःच्या घराण्याची हकिगतही त्यात घालून ठेवली.

आता देऊळ. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. वालधुनीच्या काठी उभं, भूमिज शैलीतलं. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, आणि आत उभं राहून वर पाहिलं की थेट आभाळ दिसतं, कारण वरचं शिखर पूर्ण नाही. गावकरी सांगतात, पांडवांनी हे एका रात्रीत बांधलं आणि उजाडलं म्हणून काम अर्धवट राहिलं. इतिहास ही कथा मानत नाही, पण कादंबरीकाराने ती जपून ठेवावी. शिलालेख राजाचं नाव देतो, अधिकाऱ्यांची नावं देतो. भिंतीवरची एखादी सुरसुंदरी घडवताना पाथरवटाच्या डोळ्यांपुढे कोण होती, ते मात्र दगड सांगत नाही. कादंबरीकाराचं काम नेमकं तिथून सुरू होतं.

जागेचा लेखणीवर किती जोर चालतो, याचा थरारक दाखला म्हणजे नाथमाधव. द्वारकानाथ माधव पितळे सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून कोसळले. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने लेखणी उचलली, आणि कुणावर लिहिलं? शिवकाळावर! ज्या गडाने पाय घेतले, तशाच गडांचा काळ त्यांनी घरोघरी वाचायला दिला. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ओळखली जाणारी, रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची १८७१ची 'मोचनगड', तिच्या तर नावातच गड. गो. नी. दांडेकरांनी किल्ले पायांखाली घातले, मग लिहिलं. 'माचीवरला बुधा' वाचताना राजमाचीचा वारा अंगाला लागतो, तो उगाच नाही.

बदलापूरकरांना नावाची गोष्ट विचारा, लगेच उत्तर येईल: शिवाजी महाराजांचं सैन्य इथे घोडे बदलायचं, म्हणून बदलापूर. ही लोककथा. शेजारच्या कल्याणची तारीख मात्र पक्की आहे. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि कल्याणच्या खाडीवर मराठी आरमाराची सुरुवात झाली. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला महाराजांनी सन्मानाने परत पाठवल्याची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. तिला समकालीन कागदांत भक्कम आधार सापडत नाही, असं अनेक अभ्यासक सांगतात. तरी ती चित्रांत, नाटकांत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये जिवंत आहे. लोकांना आपला राजा कसा हवा होता, हे त्या गोष्टीतून कळतं, आणि ऐतिहासिक कादंबरीला एवढं भांडवल पुष्कळ झालं.

याच कल्याणात १८६५ साली यमुना नावाची मुलगी जन्मली. लग्नानंतर ती आनंदीबाई जोशी झाली, अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाली, आणि पुढच्याच वर्षी गेली. तिच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, तिच्या अमेरिकेतल्या यजमान कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. तिच्यावरची श्री. ज. जोशींची कादंबरी 'आनंदी गोपाळ' आली १९६८ साली, तिच्या मृत्यूनंतर ८१ वर्षांनी. जुने संदर्भ धुंडाळणाऱ्यांसाठी आणखी एक पत्ता: बदलापूरचं ग्रंथसखा वाचनालय. श्याम जोशींनी जिवापाड जमवलेली जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तकं तिथे आहेत. ऐतिहासिक लिहू पाहणाऱ्याने आधी तिथे जावं, गडावर नंतर.

आणि उल्हासनगर! माझ्या मते या कल्याण-बदलापूर पट्ट्यातली सर्वांत मोठी कादंबरी इथे आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उठली. युद्ध संपलं, बॅरेकी रिकाम्या झाल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्यांत शिरली. लांबच लांब बॅरेक, मध्ये गोणपाटाचे पडदे, एका पडद्याआड एक संसार. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते छावणीची वसाहत झाली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. छावणी गेली, पण पत्ता गेला नाही. आजही लोक 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असंच सांगतात, पुढे बॅरेक नंबर. इथल्या मालावरच्या 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', ही आख्यायिका तर साऱ्या मुंबईला पाठ आहे.

नंदिता भवनानी यांनी 'द मेकिंग ऑफ एक्झाइल' (२०१४) या इंग्रजी पुस्तकात सिंधी विस्थापितांचा इतिहास मांडला आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरी मात्र गडकोट आणि पेशव्यांच्या वाड्यांत जास्त रमली. बॅरेकीकडे तिने वळायला हवं, आणि लवकर, कारण १९४७ मध्ये सात वर्षांची असलेली मुलगी आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिला विचारायचं ते साधंच असतं. कराचीच्या घराची किल्ली कुणाकडे दिली होती? बोटीत काय खाल्लं? पडद्यापलीकडचं कुटुंब कोणत्या गावचं? पापड पहिल्यांदा विकायला कोण निघालं, आई की आजी? आणि मराठी पहिल्यांदा कुणाकडून शिकलात, भाजीवालीकडून की शाळेच्या बाईंकडून?