गुलाबावर काळे ठिपके: फवारणी नेमकी कधी?

पावसाळा आला की एक प्रश्न हमखास येतो: "गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडलेत, पिवळी होऊन गळतायत, कुठलं औषध मारू?" मी म्हणतो, कुठलं ते नंतर, आधी कधी ते बघू.

ही बुरशी आहे. पान साधारण सात तास सलग ओलं राहिलं की बीजाणू रुजतो आणि आत शिरतो. ठिपका मात्र दिसतो आठवड्याभराने. म्हणजे आज दिसतोय तो मागच्या आठवड्यातल्या पावसाचा हिशोब!

मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य बुरशीनाशक पानावर थर करून बसतं आणि बीजाणूला रुजू देत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ते फायरवॉल आहे. व्हायरस आत शिरल्यावर फायरवॉल लावून काय उपयोग? म्हणून फवारणी पावसाच्या आधी. ॲपवर अंदाज बघा, उघडीप मिळाली की पानं कोरडी असताना, वारा नसताना सकाळी फवारा. पाऊस यायच्या आत औषध वाळलं पाहिजे.

एकदा मारून भागत नाही. जोरदार पावसात थर धुतला जातो, आणि नंतर फुटलेल्या पालवीवर तो नसतोच. म्हणून पावसाळ्यात ७ ते १४ दिवसांनी पुन्हा फवारायचं. नेमकं अंतर आणि प्रमाण लेबलवर असतं, तेच पाळा.

हेक्झाकोनॅझोलसारखं आंतरप्रवाही औषध पानात शिरतं, त्यामुळे नुकत्याच झालेल्या लागणीला थोडं आवरतं. पण पडलेला ठिपका पुसत नाही. आणि तेच ते सारखं मारलं तर बुरशी त्याला दाद देईनाशी होते. आलटून पालटून वापरा.

भुरीचं गणित उलटं. तिला पानावर पाणी लागत नाही, ती कोरड्या दिवसांत, थंड रात्रींत येते. पहिला पांढरा डाग दिसला की कामाला लागा. गंधक चालतं, पण कडक उन्हात नको, पानं करपतात.

आणि फुकटातला उपाय: गळलेली पानं रोज उचला, पाणी मुळाशी घाला, कुंड्यांत अंतर ठेवा. पान लवकर वाळलं तर फवारणीही कमी लागते. फवारताना हातमोजे, मास्क घालाच, लहान मुलांना लांब ठेवा.

गळलेलं पान परत येत नाही, पुढची पालवी मात्र आपल्या हातात आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!