दाबनलिकेचे आरोग्य

दाबयुक्त जड पाण्याच्या भारतीय अणुभट्ट्यांत इंधन आणि त्याची उष्णता वाहून नेणारे जड पाणी ज्या आडव्या नळ्यांत सामावलेले असते, त्यांना दाबनलिका म्हणतात. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या प्रत्येक भट्टीत अशा ३९२ नलिका आहेत. न्यूट्रॉन फारच थोडे शोषून घेतो म्हणून त्यांच्यासाठी झिरकोनियमचा मिश्रधातू निवडला जातो. परंतु सुमारे ३०० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्याशी त्याची संथ अभिक्रिया होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो आणि त्या वेळी सुटणाऱ्या ड्युटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, काही भाग धातूत मुरतो. त्याचे प्रमाण वाढले की हायड्राइड नावाचे ठिसूळ संयुग तयार होते. शिवाय न्यूट्रॉनांच्या माऱ्याने धातूची स्फटिकरचना विस्कटते आणि किरणांमुळे पाण्याचे रेणू फुटतात, त्यामुळे गंजाचा वेग केवळ प्रयोगशाळेतील चाचण्यांवरून सांगता येत नाही. प्रत्यक्ष नलिकाच तपासावी लागते.

ही तपासणी न झाल्यास काय घडू शकते, हे कॅनडातील पिकरिंग केंद्रात ऑगस्ट १९८३ मध्ये दिसले. तेथे नलिकेला आधार देणाऱ्या स्प्रिंगा सरकल्याने ती वाकून तिच्याभोवती असलेल्या बाहेरच्या थंड नळीला टेकली, थंड जागी हायड्राइडचे फोड उमटले आणि चालू भट्टीत नलिका फाटली.

मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेली ‘बार्किस’ ही यंत्रणा बंद भट्टीच्या नलिकेत आपले तपासणी-शीर्ष सरकवते. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी आणि भेगा कळतात, तर धातूत निर्माण केलेल्या भोवऱ्यासारख्या विद्युत्प्रवाहांच्या साहाय्याने स्प्रिंगांच्या जागा समजतात. निराळ्या अवजाराने आतील पृष्ठभागावरचा ऑक्साइड खरवडून खालच्या धातूची पातळ चकती काढतात आणि तिच्यातील हायड्रोजन प्रयोगशाळेत मोजतात. नलिका मात्र वापरात राहते.

तथापि नलिकेच्या आतून वाहणाऱ्या पाण्याच्या बाजूवरच लक्ष ठेवून भागत नाही. गुजरातमधील काक्रापारच्या पहिल्या भट्टीत ११ मार्च २०१६ रोजी दाबनलिकेतून जड पाणी गळले, तेव्हा दाबनलिका आणि तिच्याबाहेरची नळी यांमधील पोकळीत फिरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या बाजूला, म्हणजे नलिकेच्या बाह्य पृष्ठभागावर, ठिकठिकाणी गंज आढळला. म्हणून पाण्याइतकीच त्या वायूची शुद्धता राखणे आणि नलिका दोन्ही अंगांनी तपासणे हा भट्टीच्या सुरक्षिततेचा पायाच मानला पाहिजे.