काळ्या मातीतील हिरवळ

शाळेची वा कचेरीची नवी इमारत उभी राहिली, की तिच्यापुढे हिरवळ असावी ही इच्छा स्वाभाविकच म्हटली पाहिजे. परंतु जालना जिल्ह्यात तिची गाठ पडते ती काळ्या, भारी मातीशी. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीतील चिकणकण पाण्याने फुगतात आणि उन्हाने आकसतात. म्हणूनच श्रावणात पाय रुतविणारी जमीन वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते.

यावर हल्ली सर्रास योजिला जाणारा उपाय म्हणजे न खणलेल्या जमिनीवर दोन बोटे लाल माती पसरून वर तयार गवताच्या लाद्या अंथरणे. उद्‌घाटनाच्या छायाचित्रापुरते ते ठीक! पहिल्याच उन्हाळ्यात खालची जमीन भेगाळते आणि लाल माती तीत उतरते. चार घमेली वाळू मिसळण्याचा दुसरा उपायही तितकाच पोकळ आहे. निम्म्याहून अधिक चिकण असलेल्या मातीचा स्वभाव पालटायचा तर जवळजवळ तितकीच वाळू ओतावी लागेल. आणि अंबड-घनसावंगीकडील गोदावरीचे पात्र आणखी किती उपसायचे, हाही प्रश्न आहेच.

खरे काम कुदळीचे आहे, आणि त्याहूनही अधिक ते वेळ ओळखण्याचे आहे. आपल्या शेतकऱ्याने त्यासाठी ‘वाफसा’ हा अत्यंत नेमका शब्द घडविला आहे. माती हत्याराला चिकटत नाही आणि मुठीत दाबलेला गोळा बोटाने सहज फुटतो, ती ही अवस्था. ओल्यात खणले तर मातीचा काला होऊन तिची छिद्रे बुजतात व वाळल्यावर विटा हाती येतात. भर मे महिन्यात खणायला लावणे म्हणजे तर मजुराच्या हातांना फोड आणणे. म्हणून रब्बीनंतर थोडी ओल असतानाच वीतभर खणावे, ढेकळे न फोडता उन्हात तापू द्यावीत. लव्हाळ्याच्या गाठी आणि कुंद्याची मुळे हातानेच वेचावीत. तुटून राहिलेला तुकडाही पुन्हा फुटतो. मृगाच्या सरींनी ढेकळे आपोआप विरघळू लागतात. मग वाफसा पाहून कुजलेले शेणखत मिसळावे आणि पाणी साचू नये इतका उतार ठेवून फळी फिरवावी. जिप्सम मात्र चोपण जमिनीचे औषध आहे. माती परीक्षणावाचून ते टाकू नये.

गवतासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गणपतीला वाहावयाची दूर्वा आणि शेतकरी ज्या हरळीला शिव्या घालतो ती हरळी, ही एकच वनस्पती. बांधावरच्या तिच्या काड्या पावसाळ्यात लावल्या की पुरे.

आता पाण्याचा हिशेब. १,००० चौरस फूट हिरवळीवर दिवसाला ५ मिलिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे ४६५ लिटर लागते. ग्रामीण नळयोजनांचे माणशी ५५ लिटरचे प्रमाण धरले, तर ते आठ माणसांचे दिवसाचे पाणी होय. १९७२ व २०१२-१३चे दुष्काळ भोगलेल्या जिल्ह्यात हे प्रमाण विसरून कसे चालेल? उन्हाळ्यात हरळी वरून वाळते, पण जमिनीखाली जिवंत असते आणि पावसाबरोबर पुन्हा फुटते. तोवर त्या पिवळ्या अंगणात मुलांनी खुशाल खो-खो खेळावा.