नव्या गाडीची चाके : झळाळी आणि जयणा

अक्षय तृतीयेला नवी गाडी घरी आणण्याची रीत आपल्या समाजात आता चांगलीच रुजली आहे. भगवान ऋषभदेवांच्या इक्षुरसाच्या पारण्याचा हा दिवस. एकीकडे वर्षीतपाची पारणी होत असतात आणि दुसरीकडे शोरूमच्या दारात रांग लागलेली असते. गेल्या वर्षी माझ्या पुतण्यानेही याच मुहूर्तावर गाडी घेतली. चार-पाच दिवसांनी कुंभोजगिरीच्या दर्शनाला जाण्याचे ठरले, म्हणून आदल्या संध्याकाळी त्याने ती एका वॉशिंग सेंटरवरून धुऊन आणली.

“काका, टायर पाहिलेत का? शोरूममध्येही असे चमकत नव्हते,” तो कौतुकाने म्हणाला. मी चाकाला हात लावला, तर बोटे तेलकट झाली. धुणाऱ्या मुलाने पॉलिश टायरच्या बाजूला लावले होतेच. शिवाय रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या पट्ट्यावरही ते सढळ हाताने फासले होते. मला ते खटकले. परंतु नव्या गाडीच्या आनंदात विरजण नको, म्हणून मी गप्प राहिलो. आयुष्यभर बँकेत कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसाने असे गप्प राहायला नको होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सांगलीहून निघालो. रात्री वळवाची सर येऊन गेली होती व रस्ता ओला होता. जयसिंगपूर मागे पडले, उजाडले आणि पुढे रस्त्याच्या कडेने विहार करणारा साध्वीजींचा समुदाय दिसला. कडेला उभ्या असलेल्या एका ट्रकला वळसा घालण्यासाठी त्या किंचित रस्त्यावर आल्या. पुतण्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण अंदाजापेक्षा चार-पाच हात पुढे जाऊन. मध्ये जेमतेम एका गाडीपुरते अंतर उरले होते. आम्ही खाली उतरून वंदना केली, त्यांनी शांतपणे ‘धर्मलाभ’ म्हटले आणि त्या पुढे निघाल्या. पुतण्याचे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

यात दोष वेगाचा किती, ओल्या रस्त्याचा किती आणि पॉलिशचा किती, याची विभागणी मला करता येणार नाही. परंतु पहिल्या दोन गोष्टी रस्त्यावर येतातच. तिसरी आम्ही पैसे मोजून घरी आणली होती.

त्यानंतर मी या विषयात थोडे लक्ष घातले. रबराचा मूळ रंग फिकट असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टायर काळे नव्हते. मिशेलिन कंपनीचा टायरांचा प्रसिद्ध बाहुला पांढरा आहे, तो त्यामुळेच. पुढे रबरात कार्बन ब्लॅक म्हणजे काजळीसारखी पूड मिसळू लागले. तिने टायरला बळकटी आली आणि काळेपणही आले. याशिवाय ऊन आणि हवेतील ओझोन यांच्यामुळे रबराला भेगा पडू नयेत, म्हणून त्यात मेण व काही संरक्षक रसायने घातलेली असतात. चाक फिरताना रबर दबते आणि सुटते, तशी ही द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि तिथे तपकिरी पडतात. नव्या गाडीचे टायर महिन्या-दोन महिन्यांत ‘मळकट’ दिसू लागतात, त्याचे एक कारण हे आहे. तो केवळ मळ नव्हे, टायरचे अंगभूत औषध आहे. म्हणूनच तीव्र रसायनांनी ते दर आठवड्याला खरवडून काढणे शहाणपणाचे नाही. याउलट, महिनोन्महिने उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरना भेगा लवकर पडतात, कारण चाके फिरत नसल्याने हे औषध वर येत नाही.

अगदी नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंशही राहिलेला असतो, त्यामुळे पहिले सुमारे ३०० किलोमीटर गाडी बेताने चालवावी. अशा कोऱ्या टायरच्या खाचांवर पॉलिश फासणे म्हणजे निसरड्यावर आणखी तेल ओतणे. दुचाकीच्या टायरला तर पॉलिश लावूच नये. वळणावर ती कलते आणि टायरची कडच रस्त्याला टेकते.

चाके धुण्याची रीत तशी सोपी आहे. गाडी सावलीत आणि चाके थंड असावीत. धुण्यापूर्वी चाकाच्या वरची कमान, आतली बाजू आणि चाकाखालची जमीन नीट पाहून घ्यावी. उभ्या गाडीत कोळी जाळे विणतात, मुंग्या रांग धरतात, थंडीत मांजराचे पिल्लूही आत शिरते. घरची मऊ पुंजणी येथे उत्तम काम देते. पाण्याचा पाइप सोडून देण्याची गरज नाही. गाळून घेतलेले दोन बादल्या पाणी चारही चाकांना पुरते. सौम्य शाम्पू घालून नायलॉनच्या ब्रशने टायरची बाजू घासावी. आधी तपकिरी फेस येतो. तो पांढरा होऊ लागला की थांबावे. रिमवर ब्रेकमधून उडालेली लोखंडाची बारीक पूड बसलेली असते, तिच्यासाठी वेगळे फडके ठेवावे, नाहीतर तेच कण पुढे गाडीच्या रंगावर ओरखडे पाडतात. काही ठिकाणी अलॉय रिमसाठी आम्लयुक्त द्रव वापरतात. तो टाळावा, आणि गरम रिमवर तर मुळीच घालू नये. डिझेल, रॉकेल किंवा जुने ऑइल टायरला चोळण्याची आपल्याकडील जुनी सवयही सोडावी. खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते.

चमक हवीच असेल, तर पाण्यात मिसळणारे ड्रेसिंग स्पंजवर थोडे घेऊन फक्त बाजूला पातळ लावावे, वाळू द्यावे आणि कोरड्या फडक्याने पुसावे. खाचांवर किंवा ब्रेकच्या चकतीवर त्याचा थेंबही जाता कामा नये.

पुढची गोष्ट आपल्या वाचकांना विशेष सांगण्यासारखी आहे. पुतण्याला भेट द्यावी म्हणून मी चाके साफ करण्याचा एक संच विकत घेतला. घरी येऊन वेष्टन वाचले, तर रिमचा ब्रश डुकराच्या केसांचा! असे ब्रश बाजारात सर्रास मिळतात आणि मऊ म्हणून त्यांची शिफारसही होते. घोड्याच्या केसांचे ब्रशही असतात. गाडी पुसण्याचे खरे ‘शॅमॉय’ फडके मेंढी-बोकडाच्या कातड्याचे असते. कृत्रिम धाग्याचे मायक्रोफायबर त्याहून स्वस्त आणि काम तितकेच चांगले करते. काही पॉलिशमध्ये मधमाश्यांचे मेण असते. कार्नौबा हे मेण मात्र ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांपासून निघते. टायरच्या रबरात वापरले जाणारे स्टिअरिक आम्ल वनस्पतिजन्य असते, तसे प्राणिज चरबीचेही असू शकते, असा आक्षेप एका मित्राने घेतला. त्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि टायर विकत घेताना त्याचा छडा लावणे आपल्या आवाक्याबाहेर आहे. पण म्हणून जो ब्रश आपण स्वतः निवडून हातात धरतो, त्याच्याकडेही डोळेझाक करावी काय? मी तो संच परत करून ७० रुपयांचा नायलॉनचा ब्रश आणला.

बँकेत असताना वाहनकर्जाच्या पाहणीला मी अनेकदा जात असे. ट्रक नव्याने रंगवलेला, टायर काळेभोर चमकणारे, आणि खाली वाकून पाहावे तर खाचा घासून गुळगुळीत झालेल्या. ३१ मार्चला ताळेबंद सजवण्याला आपण विंडो ड्रेसिंग म्हणतो. टायरवरच्या लेपालाही ड्रेसिंग हाच शब्द आहे. लेपाखाली बारीक भेगा दिसत नाहीत. म्हणून लेपाआधीचा ओला, उघडा टायर डोळे भरून पाहावा. खड्ड्यात आपटून बाजूला फुगा आला आहे का, खाचेत खिळा किंवा खडी अडकली आहे का, व्हॉल्वची टोपी जागेवर आहे का? बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत टायरचा जन्म कळतो. ‘१५२४’ म्हणजे २०२४ सालचा पंधरावा आठवडा. गाडी नवी असली, तरी टायर किती दिवस यार्डात उभे होते, याचा अंदाज त्यावरून येतो. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, की खोली १.६ मिलिमीटर उरली असे समजावे व टायर बदलावा. हवा किती असावी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत लिहिलेले असते, आणि ती चाके थंड असतानाच मोजावी.

आता दर पंधरवड्याला रविवारी सकाळी पुतण्या स्वतः चाके धुतो आणि मी खुर्ची टाकून शेजारी बसतो. मागच्या खेपेस त्याला स्टेपनीही बाहेर काढायला लावली. तीत ३३ ऐवजी १९ पौंड हवा निघाली. गाडी आल्यापासून तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.